कोपऱ्याची मुरड

शनिवारी दुपारी चार वाजले की बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या बोळातला ठोकाठोकीचा एक आवाज थांबतो. बाकीचे चालूच असतात. रेडिएटर दुरुस्त करणारा ठोकतो, पत्र्याच्या ट्रंका करणारा ठोकतो. थांबतो तो फक्त खंडोजी अण्णांचा लाकडी हातोडा.

"काय अण्णा, इतक्या लवकर?" ट्रंकवाला दर शनिवारी विचारतो.

"केक आहे," अण्णा शटर ओढत सांगतात.

"अय्यो, विसरलोच की!"

पहिल्या वेळी ट्रंकवाला हसला होता. अण्णा म्हणजे सहासष्ट वर्षांचा माणूस. जन्मात केक भाजला नाही, गोडाची विशेष आवड नाही. आणि तो दुकान बंद करून बस पकडतो, टिन फॅक्टरीच्या सिग्नलला अर्धा तास घाम पुसत बसतो, आणि के. आर. पुरमला घरी पोचून सातच्या ठोक्याला टीव्हीसमोर हजर होतो. कशासाठी? तर हौशी बायका-पोरं केक कसे भाजतात ते बघायला. पण अण्णा केक बघतच नाहीत. अण्णा डबे बघतात.

त्यांचा धंदाच तो. बेकऱ्यांसाठी पत्र्याचे डबे, साचे, ट्रे. अर्ध्या कॅन्टोन्मेंटचा पाव आणि केक चाळीस वर्षं त्यांच्या डब्यांतून निघाला आहे. त्यामुळे टीव्हीवरचा स्पर्धक अंडी फेटत असतो, परीक्षक भुवया उंचावत असतात, संगीत धडधडत असतं, आणि अण्णा पुढे झुकून म्हणतात, "कड नीट वळवलेली नाही. बोट कापेल तिचं."

"तिचं बोट राहू दे. तिचा हात बघा," सोयराबाई म्हणतात. "किती हळू ढवळतेय. ही बाई घरात कुणावर ओरडत नसणार."

चाळीस वर्षांच्या संसारात सोयराबाईंनी नवऱ्याच्या कुठल्याही मताला पहिल्या फटक्यात होकार दिलेला नाही. कोथिंबीर असो, जावई असो, नाहीतर मुख्यमंत्री. त्यांचा एक खास सूर होता, "अहो, तसं नाही ते," असा. तो ऐकू आला की अण्णांना दिवस रुळावर असल्यासारखं वाटे.

आणि तिसरी अंजली. वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पुण्याची, कंपनीत कामाला. नवरा निहार शनिवार-रविवारी क्रिकेट खेळायला जातो. एकदा वरच्या टाकीत पाणी का चढत नाही ते विचारायला ती खाली आली, दारात उभी राहिली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "ओव्हन प्रीहीट केला नाहीये त्याने. मध्ये कच्चा राहणार."

"आत ये, बस," सोयराबाई म्हणाल्या. त्या दिवशी टाकीचं राहिलंच.

तेव्हापासून तिघांचं परीक्षक मंडळ बसतं. कार्यक्रम कन्नडमध्ये, अंजलीला कन्नड येत नाही. मग भाषांतर सोयराबाईंकडे.

"काकू, काय म्हणाली ती परीक्षक?"

"म्हणाली, चव बरी आहे, पण शहाणपणा स्वल्प जास्त झाला."

"असं म्हणाली?"

"शब्द वेगळे होते. म्हणायचं हेच होतं तिला."

तिघांचे निकाल आधीच ठरलेले असत. अंजली ओव्हनचं तापमान बघून सांगे, सोयराबाई माणूस बघून आणि अण्णा डबा बघून. "पत्रा पातळ आहे, तळ जळणार," असं ते म्हणाले आणि खरंच तळ जळला, की ते काही बोलत नसत. फक्त चहाचा कप पुढे करत, आणि सोयराबाई "झालं, आता आठवडाभर ऐका," म्हणत तो भरत.

त्या मोसमात शेवटी दोघंच पुढे राहणार हे तिघांनाही दिसत होतं. हुबळीची भाग्यलक्ष्मी, शाळेत ग्रंथपाल, सोयराबाईंची लाडकी. आणि हासनचा विराट, तिशीतला, हसरा, केस उडवत बोलणारा. अंजलीचं मत त्याला होतं.

त्या शनिवारी विराटनं डब्याच्या आतून हळदीची हिरवी पानं लावली, त्यात गूळ-फणसाचं मिश्रण ओतलं आणि भाजलं. पानं सोलून काढली तेव्हा केकवर शिरांची नक्षी उमटली होती. परीक्षक उठून उभेच राहिले. वास घेऊन त्यांनी डोळे मिटले. मग टोपीवाल्या परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

"माझीच, सर," विराट म्हणाला.

सोयराबाईंनी भाषांतर केलं नाही. रिमोटनं आवाज बंद केला.

"काकू! काय झालं?"

"खोटं बोलला."

"काय?"

"तीन आठवड्यांमागं हाच म्हणाला होता, आई हळदीच्या पानात गोड उकडते, लहानपणी पानाचा वास आला की मी शाळेतून पळत यायचो. म्हणाला होता का नाही? मीच तुला सांगितलं होतं."

"हो, पण काकू, ते उकडलेलं. हा केक आहे. त्यानं ते वेगळ्या गोष्टीत आणलं. क्रिएटिव्हिटी त्याचीच ना? आणि रेसिपीवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का?"

"लिहायला कोण सांगतंय? विचारलं होतं त्याला. कुणाची म्हणून सरळ विचारलं. 'आईची' म्हणायला किती वेळ लागतो गं?"

"स्पर्धा आहे, काकू. घाबरला असेल."

"घाबरलेला माणूस केस उडवत नाही."

अंजलीला हसू आलं. "अण्णा, तुम्ही सांगा. तुमचं मत?"

अण्णा बशीत चहा ओतत होते. आज डब्याबद्दलही ते काही बोलले नव्हते. "हात कुणाचे राबले?" ते म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. "कल्पना काय, दहा जणांच्या डोक्यात येते. करून दाखवतो त्याची ती."

"अहो, तसं नाही ते," सोयराबाई म्हणाल्या. एवढंच. पण हे म्हणताना त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या. नवऱ्याकडे बघत होत्या, आणि अण्णांनी बशीतला चहा संपेपर्यंत मान वर केली नाही.

कारण त्या घरात एक गोष्ट होती. दोघांना माहीत होती आणि दोघांनीही कधी काढली नव्हती.

लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची. दुकान तेव्हा अण्णांच्या वडिलांचं, आप्पांचं होतं. रॉकेलची नरसाळी, तुपाचे डबे, बागेत पाणी घालायच्या झाऱ्या, असं सगळं तिथे व्हायचं. सांधा आला की कथील-शिसं वितळवून त्यावर डाग द्यायचा, म्हणजे थेंब गळत नाही. तीन पिढ्या हेच चाललं होतं. मग एका बेकरीचं पहिलं मोठं काम आलं, केकचे चाळीस डबे. बापलेकांनी जीव ओतून केले. चारही कोपरे कापून जुळवले, सुबक डाग दिले, वाळू लावून चकचकीत घासले.

चौथ्या दिवशी ते चाळीस डबे पोत्यात भरून परत आले. लाकडाच्या भट्टीत सगळ्या डागांचं पाणी झालं होतं, कोपरे उघडले होते, केकचं मिश्रण भट्टीभर वाहून जळलं होतं. काही केकच्या बुडाला शिशाचे बारीक मणी चिकटले होते. बेकरीचे मालक ओरडलेसुद्धा नाहीत. "आप्पा, तुमच्या झाऱ्यांत पाणी थंड असतं," एवढंच म्हणाले.

डाग विस्तवात टिकत नाही, हे पत्रेवाल्याला कळू नये? पण आजवर त्यांच्या हातची कुठलीच वस्तू विस्तवात गेली नव्हती. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आठवडाभर दुकानात आले नाहीत. छातीचं दुखणं आधीपासून होतं, ते बळावलं.

आणि मग एका सकाळी स्वयंपाकघरात नवीन सुनेनं काहीतरी म्हटलं. पारीची कड चिमटीत धरून मुरड घालता घालता म्हटलं. ते ऐकून अण्णा दुकानाकडे धावले. कोपरा कापायचाच नाही. जास्तीचा पत्रा चिमटीत धरायचा, त्रिकोण मोडायचा, बाजूला दुमडून वरच्या वळवलेल्या कडेखाली सारायचा. सांधाच नाही, तर डाग कशाला आणि गळणार काय? संध्याकाळपर्यंत एक डबा तयार झाला. तो भट्टीतून जसाच्या तसा बाहेर आला.

बेकरीच्या मालकांनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

"आप्पांचं," अण्णा म्हणाले. घरी येऊन सोयराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत." आप्पा पुन्हा दुकानात येऊन बसू लागले. लोक त्यांना विचारत, ते नुसते हसत.

पुढे आप्पा गेले. लोक विचारतच राहिले. कधीतरी, नेमकं कधी ते अण्णांनाही सांगता येणार नाही, उत्तर बदललं. "मलाच सुचलं," असं ते सांगू लागले. सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की त्यांना त्याचा खडा लागेनासा झाला. त्या शनिवारपर्यंत.

त्यानंतरच्या आठवड्यात अंजली दुकानात आली. तिला तिच्या छोट्या ओव्हनमध्ये मावेल असा डबा हवा होता. स्टुलावर बसून ती बघत राहिली. अण्णांनी पत्र्यावर खूण केली, कातरीनं कापला, लाकडी ठोकळ्यावर बाजू उभ्या केल्या. मग कोपरा. अंगठा आणि दोन बोटं, एक दाब, एक मोड, हातोड्याचे दोन ठोके. तिच्या तोंडाचा आ झाला.

"अण्णा, थांबा थांबा. परत करा. मी व्हिडिओ घेते."

"कशाला गं?"

"आमचा बेकिंगचा ग्रुप आहे. वेड्या होतील सगळ्या. हं, आता सांगा, हा कोपरा कसा सुचला तुम्हाला?"

मोबाईल समोर धरलेला. बोळातला ट्रंकवालाही हात थांबवून बघत होता. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझं मलाच सुचलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. डोकं चालवावं लागतं."

पुढच्या शनिवारी भाग संपल्यावर अंजली म्हणाली, "काकू, उठू नका. एक सरप्राइज आहे." तिनं मोबाईलवर काहीतरी केलं आणि टीव्हीवर, जिथे पाच मिनिटांपूर्वी विराट उभा होता तिथे, खंडोजी अण्णा आले. चांगले मोठे. कपाळावरचा घाम दिसेल इतके मोठे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझं मलाच सुचलं," टीव्हीतले अण्णा म्हणाले. "डोकं चालवावं लागतं."

खुर्चीतल्या अण्णांना टीव्हीच्या मागं जाऊन वायर उपटावीशी वाटली.

"नऊशे जणींनी बघितलाय!" अंजली टाळ्या वाजवत होती. "काकू, कसा आलाय?"

"आवाज स्वच्छ आलाय," सोयराबाई म्हणाल्या, आणि भाताखालचा गॅस बंद करायला आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या घरात कसलीच कमी पडली नाही. चहा वेळेवर. दुकानाचा डबा भरलेला, वर लोणच्याची फोड. शर्टाचं तुटलेलं बटण लावलेलं. फक्त "अहो, तसं नाही ते," हे चार शब्द कुणीतरी उचलून नेल्यासारखे गायब झाले.

"उद्या पाऊस येईल," अण्णा म्हणत.

"येईल."

"नाही येणार बहुतेक."

"सरी."

कन्नडमधलं हे 'बरं' सोयराबाई भाजीवाल्याला आणि रिक्षावाल्याला म्हणत. नवऱ्याला म्हटल्याचं अण्णांना आठवत नव्हतं.

बुधवारी त्यांनी शिवाजीनगरच्या बाजारातून अबोलीचा गजरा आणला. सोयराबाईंनी तो देवाच्या तसबिरीला घातला. "ताजा आहे," म्हणाल्या. अण्णांनी तोंड उघडलं, पण पुढचा शब्द सापडला नाही. बसमध्ये तो सापडे. टिन फॅक्टरीच्या सिग्नलला तर अख्खं भाषण तयार असे. घराच्या पायरीवर चप्पल काढताना त्यातलं काही उरत नसे.

शनिवारी उपांत्य फेरी. भाग्यलक्ष्मीचा केक साच्यातून काढताना मोडला. सोयराबाईंची लाडकी, डोळ्यांत पाणी. अंजली ओरडली, "काकू! आता?"

"बघू काय होतं ते."

"पण चूक कुणाची? तिनं घाई केली ना?"

"असेल."

अंजलीनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मग शेवटचा उपाय केला. विराटच्या हातात रबरासारखा मऊ, लवचिक, गुलाबी सिलिकॉनचा साचा होता. अण्णांचा पिढीजात शत्रू. मागच्या मोसमात "हा डबा आहे का पायमोजा?" असं त्यांनी विचारलं होतं आणि सोयराबाई हसून हसून खोकल्या होत्या.

"हा साचा चांगला आहे हं," अण्णा म्हणाले. "पत्र्यापेक्षा बरा."

अंजली दचकली. अण्णा बायकोच्या खुर्चीकडे कान लावून बसले.

"चांगला आहे," सोयराबाई म्हणाल्या.

अण्णांनी रिमोट उचलला आणि परत ठेवला.

भाग्यलक्ष्मी मोडलेल्या केकवर क्रीम पसरून कशीबशी पुढे गेली. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी, रविवारी होती.

रविवारी सकाळी अण्णा दुकानात गेले. रविवारी ते कधी जात नसत. शटर अर्धंच उघडून त्यांनी पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि कोपरा मोडायला बसले. हात आपोआप चालले. मग ते थांबले. एखाद्याला शिकवायचं झालं तर आधी काय, मग काय, ते सांगता येईल का मला? त्यांनी पुन्हा एक तुकडा घेतला, सावकाश मोडला, आणि मोडता मोडता एक आवाज आठवला. तेव्हाचा, बांगड्यांसकट. आधी चिमटीत धरा. एवढं घट्ट नाही. आता मोडा. आता आत सरकवा. तो आवाज त्यांना चाळीस वर्षं प्रत्येक कोपऱ्याला ऐकू येत असणार. त्यांनी ऐकणं सोडलं होतं. ते तुकडे तिथेच ठेवून ते उठले.

संध्याकाळी सात. अंजली कांद्याची भजी घेऊन खाली आली. सोयराबाई आपल्या खुर्चीत, हातात वाटाण्याच्या शेंगा. टीव्हीवर दोघा स्पर्धकांचे केक तयार होते, दोघांच्या घरचे लोक मंचावर आले होते. विराटची आई आली होती. ठेंगणी, निळ्या साडीतली, दिव्यांनी डोळे दिपलेली. टोपीवाल्या परीक्षकांनी हातात लिफाफा घेतला आणि नेहमीप्रमाणे जाहिराती सुरू झाल्या.

"अंजली," अण्णा म्हणाले. "मोबाईल काढ."

"आत्ता? अण्णा, निकाल लागतोय!"

"जाहिराती आहेत. काढ. तो मागचा व्हिडिओ घेतलास तसा घे."

अंजलीनं भज्याचा हात पुसला आणि मोबाईल धरला. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उठावं तसे.

"माझं नाव खंडोजी. शिवाजीनगरला पत्र्याचं काम करतो. मागच्या वेळी मी खोटं बोललो."

शेंग सोलणाऱ्या बोटांचा आवाज थांबला.

"हे काय चाललंय?" सोयराबाई म्हणाल्या. "बंद कर गं ते."

"करू नकोस. कोपरा मला सुचला नाही. आप्पांनाही नाही. ह्या बसल्यात ना, ह्या सोयराबाई, ह्यांनी सांगितला. आमचे चाळीस डबे बेकरीतून परत आले होते. सगळे गळले होते. तेव्हा दिवाळीचे दिवस होते. ही करंज्या करत होती…"

ते थांबले. टीव्हीवर साबणाची जाहिरात गात होती.

"…करंज्या करत होती आणि मला म्हणाली, की अहो, कोपरा कापू नका, त्याला अशी मुरड घाला."

अंजली मोबाईल धरून पुतळ्यासारखी. अण्णा उभेच. बसावं का, हेही त्यांना कळेना.

"दिवाळी कसली?" खुर्चीतून आवाज आला.

अण्णा वळले.

"लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी माहेरी होते, आठ दिवस. तुम्हीच आणायला आला होता आणि माझ्या भावाशी भांडून आला होता. दिवाळी म्हणे!"

"मग… कधी?"

"गौरी. गौरी जेवायच्या होत्या. आणि करंज्या नाहीत, कडबू. पुरणाचे."

"करंज्याच होत्या, मला आठवतंय."

"अहो, तसं नाही ते!" सोयराबाईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. "गौरीला करंज्या कोण करतं आपल्यात? कडबू होते, पुरण सैल झालं होतं, तुमची आई मला बोलली होती. आणि मी काही सल्ला-बिल्ला दिला नव्हता तुम्हाला. तुम्ही दारात तोंड पाडून उभे होता, वर मलाच म्हणालात, हे फुटणार तेलात. तेव्हा मी म्हटलं, माझ्या कडबूतून कधी सारण गळत नाही, तुमच्या डब्यातून गळतं. मुरड घालायला शिका आधी."

अंजलीला हसू फुटलं. मोबाईल हलू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

"टोमणा होता?" अण्णा म्हणाले.

"मग काय! तुम्ही धावतच सुटलात. दुपारी परत आलात, म्हणालात कसं घालतात दाखव. मग मी चिकपेटहून आणलेल्या शालूच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दाखवलं."

"पुठ्ठा," अण्णा हळूच म्हणाले. पुठ्ठा ते साफ विसरले होते. आता तो दिसला, गुलाबी, कडेला सोनेरी रेघ.

"आप्पांचं नाव सांगितलंत तेव्हा मला बरंच वाटलं," सोयराबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "जेवायला लागले ते. पण आप्पा जाऊनही एकतीस वर्षं झाली. मला वाटायचं, आता सांगतील. लेकीच्या लग्नात त्या बेकरीवाल्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. हातात अक्षता होत्या माझ्या."

"तू का नाही म्हणालीस कधी?"

"मी कशी म्हणणार? तुमचं तोंड होतं ना."

अण्णांना खुर्ची सापडली. ते बसले, आणि पंच्यानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"नऊशे जणी बघणार आहेत हे पण?" सोयराबाईंनी अंजलीला विचारलं.

"हो, काकू. जास्तच."

"मग असं अर्धवट कसं चालेल? यांनी नुसतं मुरड घाला म्हणून सांगितलं. कशी घालायची?" त्यांनी शेंगांखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, शेंगा ताटात झटकल्या, कागदाच्या चारही बाजू उभ्या केल्या. "इकडे आण ते. माझ्या हातावर धर. हं. हे बघा गं मुलींनो, आधी चिमटीत धरायचं. एवढं घट्ट नाही…"

"मग उजवीकडे मोडायचं," अण्णा म्हणाले.

"डावीकडे."

"उजवीकडे. मी चाळीस वर्षं…"

"चाळीस वर्षं उलटं मोडताय. मी पहिल्या दिवशी बघितलं होतं. गळत नव्हतं म्हणून गप्प बसले."

टीव्हीतून एकदम मोठा गलका झाला. रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, निळी साडी कुणाच्या तरी खांद्याआड गेली होती. अंजलीनं मान वळवली तोवर पुन्हा साबण गायला लागला होता.

"अय्यो! कोण जिंकलं? काकू, कोण जिंकलं?"

"कळेल उद्या. तू हात हलवू नकोस," सोयराबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाचा दुसरा कोपरा नवऱ्यापुढे सरकवला. "घ्या. डावीकडे मोडा."

अण्णांनी तो चिमटीत धरला.

"एवढं घट्ट नाही हो," सोयराबाई म्हणाल्या.